साथीदार बदलले, मग सूर कुणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण दोन जुनी कोडी पाहिली. एक ग्रीकांचं, प्लुटार्कने नोंदवलेलं. थीसियसच्या जहाजाची फळी कुजली की ती काढून नवी बसवायची. असं करत करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच की दुसरं? दुसरं कोडं आपल्याकडचं, 'मिलिंदपञ्हा'तलं. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तुमचा रथ म्हणजे नक्की काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? यातलं एकही रथ नाही, आणि हे सगळं वगळून शोधायला गेलात तरी रथ सापडत नाही. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, फळी काही बोलत नाही. पण सुटे भाग म्हणजे माणसंच असतील तर?"

प्रश्न चांगला आहे. फळी जागेवर बसते, एवढंच तिचं काम. माणूस जागेवर बसला की जागा बदलते, आणि शेजारचाही बदलतो. हे नुसतं तर्काने सांगण्यापेक्षा कानाने दाखवता येईल असं एक उदाहरण मी आज घेतो आहे: अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस. जन्म १९२६, मृत्यू १९९१. साधारण १९५५ पासून तो स्वतःचा नियमित चमू घेऊन फिरू लागला, आणि पुढच्या छत्तीस वर्षांत त्या चमूतली माणसं इतक्या वेळा बदलली की एकूण यादी वाचायला घेतली तर आपला तास त्यातच संपेल. नाव मात्र तेच राहिलं. आणि गंमत अशी की त्याच्या ट्रम्पेटचे दोन-तीन सूर ऐकले की जाणकार लगेच म्हणतो, हा डेव्हिस. मग ते 'तेच' काय आहे?

ज्यांनी जॅझ फारसं ऐकलेलं नाही त्यांनी घाबरू नये. आधी रचना समजून घेऊ. अशा चमूत पुढे एक-दोन फुंकवाद्यं असतात, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. मागे पियानो, बास आणि ड्रम्स. आधी एक ठरलेली धून सगळे मिळून वाजवतात. मग त्या धुनेच्या सांगाड्यावर एकेक जण उत्स्फूर्त विस्तार करतो. शेवटी पुन्हा धून. आता आपल्याला वाटेल की मागचे तिघं म्हणजे साथ. पण आपल्या खयालाच्या मैफलीत तबलजीकडून विलंबितात बहुतेक वेळ ठेका स्थिर ठेवण्याची अपेक्षा असते. इथे तसं नाही. पियानोवाला कोणती स्वरसंगती कधी टाकेल, टाकेल की नाही, ड्रमवाला कुठे आघात करेल, हे तो त्या क्षणी ठरवतो. म्हणजे पुढचा माणूस बोलत असताना मागचे तिघं नुसतं हं हं करत नाहीत, मध्येच प्रश्न विचारतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता तुलना करायची तर एक गोष्ट स्थिर हवी. आपण एकच धून घेऊ, 'सो व्हॉट'. ती 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत पहिली आहे. ही ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत मुद्रित झाली. 'सो व्हॉट'चा सांगाडा अगदी साधा आहे. बत्तीस बारांचं आवर्तन. पहिले सोळा बार एका षड्जावर, पुढचे आठ बार तेच सगळं अर्ध्या स्वराने वर, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. त्यातला स्वरसमूह आपल्या काफी थाटासारखा. धून बास वाजवतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. एवढंच. इतक्या मोकळ्या घरात कोण राहायला येतं त्यावर घराचं रूप ठरतं.

१९५९ च्या मुद्रणात पियानोवर बिल एव्हन्स आहे. हा माणूस खरं तर १९५८ च्या शेवटी चमू सोडून गेला होता. त्याच्या जागी विंटन केली नियमित वाजवत होता. तरी या मुद्रणासाठी डेव्हिसने एव्हन्सला परत बोलावलं आणि केलीला फक्त एका रचनेवर बसवलं. का? कारण त्याला एव्हन्सचा कमी बोलणारा, सूर टाकून थांबणारा पियानो हवा होता. त्याआधीचा, १९५५ च्या चमूतला रेड गार्लंड दोन्ही हातांनी भरीव स्वरसंगती ठोकायचा आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स चपळ, खोडकर. त्या दोघांपुढे डेव्हिसचं ट्रम्पेट ठसकेबाज वाटतं. एव्हन्सपुढे तेच ट्रम्पेट विचारात पडल्यासारखं ऐकू येतं. डेव्हिसने काही नवीन वाद्य घेतलं नव्हतं. त्याच्या भोवतीची शांतता बदलली होती.

पुढे १९६१ मध्ये या. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ब्लॅकहॉक क्लब, मे महिन्यात न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. दोन्हीची मुद्रणं उपलब्ध आहेत. पियानोवर केली, बासवर तोच पॉल चेंबर्स, ड्रम्सवर तोच जिमी कॉब. सॅक्सोफोनवर मात्र जॉन कोल्ट्रेन नाही, तो १९६० मध्ये स्वतःच्या वाटेने गेला. त्याच्या जागी हँक मोबली. 'सो व्हॉट' आता बरंच चढ्या लयीत आहे. केलीच्या हातात ब्लूजचा उसळता झोका आहे. कोल्ट्रेन एकेका कल्पनेला सगळ्या बाजूंनी पिळून काढायचा, लांबच लांब. मोबली गोलाईने बोलतो आणि वेळेत थांबतो. म्हणजे 'सो व्हॉट'मधलं ध्यान गेलं आणि चालणं आलं.

आता कुणी म्हणेल, सर, दोन वर्षं गेली, माणूसही बदलतो, सभागृह बदललं, हे साथीदारांमुळे झालं कशावरून? बरोबर आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, एका वेळी एकच घटक बदला. संगीतात असा प्रयोग सहसा मिळत नाही. पण १९६४ या एका वर्षाने तो आपल्याला दिला आहे.

१९६३ मध्ये डेव्हिसने मागचे तिघं नवे घेतले. पियानोवर हर्बी हॅनकॉक, बासवर रॉन कार्टर आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स. विल्यम्स तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतरा! डेव्हिस सदतीशीत होता. १९६४ मध्ये हे चौघं कायम आहेत आणि फक्त सॅक्सोफोनवाला दोनदा बदलतो. १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये जॉर्ज कोलमन. जुलैमध्ये टोकियोत सॅम रिव्हर्स. २५ सप्टेंबरला बर्लिनमध्ये वेन शॉर्टर. आणि तिन्ही ठिकाणी 'सो व्हॉट' वाजवलेलं आहे, तिन्ही ध्वनिमुद्रिका मिळतात. मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला इतकं व्यवस्थित उदाहरण क्वचित मिळतं.

ऐकून काय दिसतं? पहिली गोष्ट, लय. १९५९ च्या मानाने ती दुपटीच्या घरात गेली आहे. हे विल्यम्सचं काम. त्याच्या झांजेवर लय पळते, पण पळताना ती पुन्हा पुन्हा मोडली जाते, थांबते, भलत्याच ठिकाणी आघात येतो. त्यामुळे डेव्हिस, जो मधल्या पट्टीत मोजके सूर ठेवण्यासाठी प्रसिद्ध, तो इथे वरच्या पट्टीत जातो आणि तुटक, धारदार वाक्यं फेकतो. सदतीस वर्षांच्या माणसाचा आवाज अठरा वर्षांच्या पोराने बदलला.

दुसरी गोष्ट, सॅक्सोफोन. कोलमन रेखीव आहे. स्वरसंगतीचा प्रत्येक कोपरा त्याला माहीत असतो, तो चुकत नाही. त्याच्या मागे हॅनकॉक आणि विल्यम्स थोडे नीटनेटके वागतात. रिव्हर्सची शिफारस विल्यम्सनेच केली होती, दोघंही बॉस्टनचे. रिव्हर्स सूर वाकवतो, खरवडतो, चौकटीबाहेर पाय टाकतो, आणि मागचे तिघं लगेच सैल होतात. चमू तोच, पण आता खोलीतलं फर्निचर हललंय. मग शॉर्टर. तो वाक्य अर्धवट सोडतो. एक विचित्र छोटी आकृती टाकतो आणि गप्प बसतो, जणू 'पुढचं तुम्ही सांगा'. आणि मागचे तिघं खरंच सांगू लागतात. इथून पुढे १९६८ पर्यंत या पाच जणांचा जो चमू टिकला, त्याला रसिक डेव्हिसचा दुसरा महान पंचक म्हणतात. चौघं आधीपासून होते, तरी पंचक शॉर्टर आल्यावर झालं. नागसेनाचा रथ आठवा. पण फरकही पाहा: रथाला पाचवा भाग लावला की आधीचे चार भाग बदलत नाहीत. इथे बदलले.

हे कसं घडतं याचा एक छोटा दाखला हर्बी हॅनकॉक स्वतः अनेकदा सांगतो. युरोपातल्या एका कार्यक्रमात 'सो व्हॉट' रंगात आलं होतं, डेव्हिस वाजवत होता, आणि हॅनकॉकने चक्क चुकीची स्वरसंगती दाबली. त्याने घाबरून हात मागे घेतले. डेव्हिस क्षणभर थांबला, आणि त्याने असे काही सूर वाजवले की ती चुकीची स्वरसंगती बरोबर ठरली. हॅनकॉकला त्याचा अर्थ पुढे कळला: डेव्हिसने ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकली, आणि तिला उत्तर दिलं.

माझ्या मते आजच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. आपण म्हणतो 'डेव्हिसचा सूर', आणि मनात चित्र असं असतं की तो सूर त्याच्या पेटीत बंद आहे, गावोगाव नेतो, कुणीही साथीला असो, तोच उघडून दाखवतो. तसं असतं तर साथीदार बदलल्याने कमी-जास्त झालं असतं, एवढंच. पण दिसतं असं की तो सूर उत्तराच्या रूपात जन्मतो. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. आणि तरीही उत्तर देण्याची पद्धत ओळखू येते: मोकळी जागा सोडणं, अपेक्षित सूर टाळणं, दुसऱ्याने टाकलेलं वाया न घालवणं. टिकतं ते द्रव्य नाही, वागण्याची रीत. ॲरिस्टॉटल शीलाबद्दल बोलताना ज्याला सवयीने घडलेली वृत्ती म्हणतो, त्याच्या हे जवळचं आहे. धैर्यवान माणूस दोन प्रसंगांत अगदी वेगळं वागतो आणि तरी दोन्हीकडे धैर्यवानच असतो.

पण जरा थांबा. हे फार गोड होत चाललंय. या विचाराची कसोटी पुढच्या काळात लागते, कारण १९६८ नंतर डेव्हिसने बदलाचा वेग इतका वाढवला की ओळख पुसायची वेळ आली.

१९६८-६९ मध्ये शॉर्टर राहिला, बाकी चिक कोरिया, डेव्ह हॉलंड आणि जॅक डिजॉनेट आले. कोरिया विजेच्या पियानोवर. या पाच जणांनी केवळ पंचक म्हणून स्टुडिओत ध्वनिमुद्रिका केलीच नाही, त्यामुळे त्यांचं संगीत फक्त मैफलींच्या मुद्रणांतून कळतं. मग १९७० मध्ये हॉलंड गेला आणि मायकेल हेंडरसन आला. हा बदल सर्वांत मोठा, असं मी म्हणेन. हॉलंड जॅझचा माणूस, बासवर सतत हालचाल करणारा. हेंडरसन स्टीव्ही वंडरच्या चमूतून आलेला. तो एकच छोटी आकृती दहा-दहा मिनिटं न कंटाळता धरून ठेवायचा. जमीन हलायची थांबली. आता वर काहीही ठेवता येऊ लागलं: दोन-दोन गिटारी, तालवाद्यं, आणि १९७२ मध्ये बादल रॉय यांचा तबला आणि विजेची सतारसुद्धा. या गदारोळात उघडं ट्रम्पेट ऐकू कसं येणार? डेव्हिसने ट्रम्पेटला विजेचं यंत्र जोडलं, पायाखाली वा-वा पेडल घेतलं. पाहा, त्याचं वाद्यच बदललं, आणि ते साथीमुळे.

एक सभागृह स्थिर ठेवून हे ऐकता येतं. न्यूयॉर्कचा तोच फिलहार्मोनिक हॉल. १९६४ चा फेब्रुवारी: पाच माणसं, विजेशिवाय, काळजीपूर्वक ऐकणारा श्रोता. २९ सप्टेंबर १९७२: मोठा चमू, वा-वा, तबला, सतार. आणि जुलै १९८१: पाच-सहा वर्षांच्या मौनानंतर परतलेला डेव्हिस, बासवर तरुण मार्कस मिलर, गिटारवर माइक स्टर्न, ड्रम्सवर जुना अल फॉस्टर. तोवर सभागृहाचंही नाव बदलून एव्हरी फिशर हॉल झालं होतं आणि १९७६ मध्ये आतली बांधणीही बदलली होती. जहाजाबरोबर बंदरसुद्धा बदललं म्हणायचं.

मौनाआधीचं शेवटचं मोठं दर्शन ओसाकामधलं, १ फेब्रुवारी १९७५. एकाच दिवशी दोन कार्यक्रम. दुपारचा 'अगार्ता' या नावाने आणि संध्याकाळचा 'पँजिया' या नावाने प्रसिद्ध झाला. पीट कोसीची गिटार कानावर अक्षरशः तुटून पडते. अनेक जुन्या रसिकांनी तेव्हा म्हटलं, हा आमचा डेव्हिस नव्हे. पण 'अगार्ता' लक्ष देऊन ऐका. एका ठिकाणी, त्या सगळ्या गर्जनेच्या मधोमध, बासवर थोडा वेळ 'सो व्हॉट'ची धून डोकावते आणि जाते. आणि ट्रम्पेट? तेच करतंय. थांबतंय, जागा सोडतंय, समोरच्याने टाकलेलं उचलतंय.

आता दोन अडचणी, त्या लपवून चालणार नाही.

पहिली. सगळं साथीदारांवर ढकलता येत नाही. डेव्हिसच्या शरीराने त्याला अनेकदा दगा दिला. कमरेच्या सांध्याचं दुखणं, शस्त्रक्रिया, व्यसनं. १९८१ मध्ये परतला तेव्हा ओठांतली ताकद पूर्वीची नव्हती. शिवाय माणसं बदलायची कुणी ठरवली? त्यानेच. म्हणजे चमू हा त्याच्या सुराचं कारणही आहे आणि परिणामही. त्याला जे व्हायचं होतं, ते व्हायला भाग पाडतील अशी माणसं तो निवडत होता. सतरा वर्षांच्या मुलाला ड्रम्सवर बसवणं ही निवड होती. आपल्याला सुखाने राहू देणार नाही असा शेजारी त्याने मुद्दाम आणला.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, कारण ती न्यायाची आहे. सूर जर एवढ्या लोकांत मिळून जन्मतो, तर फलकावर एकच नाव का? 'काइंड ऑफ ब्लू'मधली 'ब्लू इन ग्रीन' ही रचना डेव्हिसच्या नावावर आली. बिल एव्हन्स ती आपली असल्याचं सांगत असे, आणि आज अनेक अभ्यासक त्याच्या बाजूने आहेत. १९६४ चा तो फेब्रुवारीतला कार्यक्रम मिसिसिपी आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी होता. उद्देश थोर. पण डेव्हिसने आत्मचरित्रात सांगितलं आहे की बिनमोबदला वाजवायचं म्हणून साथीदारांपैकी काही जण चिडले होते, मंचावर जाण्याआधी वाद झाला, आणि ती चीड वादनात उतरली असावी. म्हणजे आपण ज्या तेजाला 'डेव्हिसचं तेज' म्हणतो, त्यात दुसऱ्या कुणाच्या न मिळालेल्या मेहनतान्याचा राग आहे. मोठ्या माणसाचं मोठेपण मान्य करताना हे विसरू नये. उत्तर देणारा मोठा, हे खरं. पण प्रश्न विचारणाऱ्याचं नावही घ्यायला हवं, आणि पैसेही द्यायला हवेत.

शेवटी वयाबद्दल. नामवंत कलाकार वृद्ध झाला की लोकांना त्याच्याकडून जुनंच हवं असतं. डेव्हिस वर्षानुवर्षं ते नाकारत आला. त्याऐवजी तो त्या काळची लोकप्रिय गाणी वाजवायचा, 'टाइम आफ्टर टाइम', 'ह्यूमन नेचर'. १९८७ पासून सॅक्सोफोनवर केनी गॅरेट आला, आणि 'ह्यूमन नेचर'चा शेवट गॅरेटच्या लांब, चढत जाणाऱ्या वादनाने व्हायला लागला. साठीतला नायक बाजूला उभा राहून तरुणाला जागा देतो आहे. फक्त एकदाच, ८ जुलै १९९१ ला माँत्र्यूमध्ये, क्विन्सी जोन्सच्या आग्रहावरून मोठ्या वाद्यवृंदासह त्याने गिल एव्हन्सने बांधलेल्या १९५० च्या दशकाच्या आसपासच्या जुन्या रचना पुन्हा वाजवल्या. दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये हॅनकॉक, शॉर्टर, कोरिया, हॉलंड असे जुने साथीदार त्याच्याबरोबर मंचावर होते. सप्टेंबरच्या २८ तारखेला तो गेला.

माझ्या वयाच्या श्रोत्यांना मी एवढंच सुचवेन. आपणही म्हणत असतो, 'मी आता असाच, बदलणार नाही.' पण आपण असे आहोत ते कुणाच्या शेजारी? सहकारी निवृत्त होतात, मित्र जातात, घरात नवी माणसं येतात. फळ्या बदलतच असतात. प्रश्न एवढाच की नव्या माणसाने चुकीची स्वरसंगती दाबली, तर आपण तिला चूक म्हणून ऐकतो, की काही घडलं म्हणून ऐकतो.

घरी ऐकायचा क्रम सांगतो. 'सो व्हॉट' चार वेळा: १९५९ स्टुडिओ, १९६१ कार्नेगी हॉल, आणि १९६४ मधली न्यूयॉर्क आणि बर्लिन. एका वेळी ट्रम्पेटकडे लक्ष द्या, दुसऱ्या वेळी ट्रम्पेट विसरून फक्त ड्रम्सकडे. बहुतेकांना दुसऱ्या वेळी ट्रम्पेट जास्त कळतं. का, ते पुढच्या वेळी तुम्ही मला सांगा.